पिकअप बदलायचा आहे, तर

प्रिय चिऊ,


तू पाठवलेलं रेकॉर्डिंग हेडफोन लावून चार वेळा ऐकलं. साधा आवाज पातळ येतोय, ब्रिजकडच्या पिकअपवर तर कानात टोचतोय, आणि डिस्टॉर्शन चढवलं की हात थांबल्या थांबल्या गिटार शिट्टी मारते. आवाज कमी पडतोय हे तुझ्या कानानं अचूक पकडलंय, याचा मला फार आनंद झाला. पण तिन्ही पिकअप काढून नवे टाकू का, असं विचारशील, तर आत्ता नको. एक चांगला पिकअप तुझ्या गिटारच्या जवळजवळ निम्म्या किमतीत जातो. पैसे तुझ्या शिकवण्यांचे आहेत, ते घाईत जाऊ नयेत.

इथे मिरजेत सतारमेकर गल्लीत मी कितीदा तरी नुसता बघत बसलोय. कुणी तंबोरा घेऊन येतं, म्हणतं आवाज मेलाय, दुसरा घ्यावा म्हणतो. कारागीर भोपळ्याकडे बघतही नाही. आधी घोडी बघतो, कानस दोन-चार हात फिरवतो, जवारीचा दोरा तारेखाली किंचित पुढेमागे सरकवतो. त्याच तारा, तोच भोपळा, आणि तंबोरा बोलायला लागतो. तुझ्या गिटारचीही घोडी आधी बघू.

पहिल्यांदा तारा बदल. सहा महिन्यांच्या तारांवरून कुठल्याच पिकअपची परीक्षा होत नाही. मग पिकअपची उंची. जाड ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबून धर आणि पिकअपच्या खांबापासून तारेपर्यंतचं अंतर पट्टीनं मोज. जाड तारेखाली २ ते २.५ मिलिमीटर, बारीक तारेखाली जरासं कमी, इथून सुरुवात कर. तुझ्या गिटारमध्ये पिकअप तारांना जवळजवळ चिकटलेत असं फोटोवरून वाटतं. लोकांना वाटतं जवळ आणला की आवाज दणदणीत होईल. होतो मोठा, पण लोहचुंबक तारेला ओढून धरतो. तार मोकळी झुलत नाही, नाद लवकर मरतो, आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे जाड तार एकाच वेळी दोन सुरांत बोलल्यासारखी डुगडुगते. दोन्ही बाजूंचे स्क्रू अर्धा-अर्धा फेरा सैल कर, वाजव, ऐक, पुन्हा अर्धा फेरा. मध्येच एका जागी आवाज मोकळा होतो. ती जागा तुलाच सापडायला हवी, म्हणून मी आकडा ठामपणे सांगत नाही.

टोचणाऱ्या आवाजाचं कारण वेगळं असू शकतं. १९५४ मध्ये फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा तिच्या जोडणीत ब्रिजच्या पिकअपला टोनचं बटणच दिलेलं नव्हतं, आणि त्या घाटाच्या कितीतरी गिटारींत आजही तीच जोडणी असते. ब्रिजचा पिकअप एकटा लावून टोनची दोन्ही बटणं फिरवून बघ. आवाजात काही फरक पडला नाही, तर तुझ्याकडेही तसंच आहे. स्विचवरून टोनच्या बटणाखालच्या पॉटला बोटभर वायर जोडली की काम होतं. खर्च नसल्यात जमा. मग टोन सातावर ठेव आणि तेच गाणं वाजव. मला वाटतं तुझी निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

शिट्टीचं मात्र तसं नाही. अँप चालू ठेवून स्क्रूड्रायव्हरच्या दांड्यानं पिकअपच्या कव्हरवर हळू टिचकी मार. टक्-टक् असा माइकवर मारल्यासारखा आवाज स्पीकरमधून आला, तर आतली वेटोळी सैल आहेत. चांगल्या कारखान्यात कॉइल गुंडाळून झाल्यावर पातळ मेणात बुडवतात, तार जागच्या जागी बसते. स्वस्तात ते नीट होत नाही. घरी गॅसवर मेण वितळवून पिकअप बुडवायचे व्हिडिओ बघितले असशील. ते करू नकोस. मेण पेट घेतं, आणि जास्त तापलं तर आतलं प्लास्टिक वाकडं होतं. पिकअप बदलायला हे कारण मला पटतं.

आता बदलायचाच, तर काय बदलतोय ते समजून घे. लोहचुंबकाभोवती तांब्याची तार गुंडाळलेली असते, बस. तुझ्या पिकअपमध्ये साध्या पोलादाचे खांब आणि खाली चिकटवलेली सिरॅमिक मॅग्नेटची पट्टी असणार. महागात खांब स्वतःच अल्निकोचे असतात, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्टच्या मिश्र धातूचे. सिरॅमिक वाईट नसतं, १९७२ मध्ये लॅरी डिमार्झिओनं काढलेला सुपर डिस्टॉर्शन सिरॅमिकचाच होता, आणि लोकांनी आपल्या गिटारचा पिकअप काढून दुसरा बसवावा ही रीत त्यानंच रुजवली. वेटोळी किती, तार केवढी, गुंडाळली कशी, यावर सगळं ठरतं. तुझ्याकडच्यासारख्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये ४२ गेजच्या, केसाएवढ्या तारेची आठ हजारांच्या आसपास वेटोळी असतात. दुकानदार तुला किलोओहमचा आकडा दाखवेल, १४ हा ६ पेक्षा भारी म्हणेल. त्यात अडकू नकोस. वेटोळी वाढली की आवाज जाड होतो आणि वरचे तलम सूर दबत जातात. शिवाय तार नुसती बारीक घेतली तरी ओहम वाढतात.

तुम्ही रॉक वाजवता, कॉलेजच्या हॉलमध्ये जुन्या ट्यूबलाइटी आणि पंख्याचे डिमर, त्यामुळे सिंगल कॉइल घूं करत राहणारच. गिब्सनच्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये याच गुणगुणीवर तोड काढली. दोन कॉइल शेजारी ठेवल्या, एकीची गुंडाळी उलटी आणि चुंबकही उलटा. बाहेरची गुणगुण एकमेकीला मारते, तारेचा आवाज मात्र जमा होतो. हाच हंबकर. तो सिंगल कॉइलच्या मापातही मिळतो, दोन अरुंद पट्ट्यांचा. माझं मत विचारशील तर ब्रिजला तसा एकच घे, गळ्याकडचा आणि मधला आहेत तसेच ठेव. गळ्याकडचा तुझा पिकअप रेकॉर्डिंगमध्ये सुरेख बोलतोय, त्याला हात लावू नकोस. घेताना अल्निकोचा, फार जास्त आउटपुटचा नसलेला बघ. आणि दुकानात जाण्याआधी आतली जागा किती खोल आहे ते मोजून ठेव. ते मी एकदा विसरलो होतो.

सोल्डरिंग तू स्वतः कर. चाळीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न, रेझिनवालं बारीक सोल्डर, एवढं तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत मिळेल. प्लंबरचं अ‍ॅसिडवालं फ्लक्स चुकूनही घेऊ नकोस, सांधे खातं. काही उकलायच्या आधी आतल्या जोडणीचे फोटो काढ. पॉटच्या पाठीवर आयर्न दोन-तीन सेकंद टेकव, सोल्डर पाण्यासारखं पसरलं की लगेच उचल. मी तुझ्याएवढा होतो तेव्हा गणपतीतल्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री पिकअप कव्हरमधून ओढून काढला आणि ती केसासारखी तार काठावर तुटली. मल्टिमीटरचा काटा हललाच नाही. सगळा कार्यक्रम एका गळ्याकडच्या पिकअपवर काढला, आणि प्रत्येक सोलोला पोटात कालवत होतं. म्हणून सांगतो, पिकअप नेहमी बुडाला धरून काढ, वायर धरून कधीच ओढू नकोस.

वायरींच्या रंगाला कंपन्यांचा एकमेकांशी मेळ नाही. सीमोर डंकनमध्ये काळी जिवंत, हिरवी अर्थ, लाल-पांढरी एकत्र जोडायची. डिमार्झिओत लाल जिवंत, हिरवी अर्थ, काळी-पांढरी एकत्र. डब्यातला कागद वाचल्याशिवाय एकही वायर जोडू नकोस. जोडून झाल्यावर स्विच ब्रिज आणि मधल्या पिकअपच्या मधल्या जागेवर आण. आवाज अचानक नाकातून आल्यासारखा बारीक झाला, तर नवा पिकअप जुन्याच्या उलटा लागलाय. नव्याची जिवंत आणि अर्थ यांची अदलाबदल कर, उघडी शील्डची वायर मात्र अर्थलाच राहू दे. आणि आवाज फार बंद वाटला तर व्हॉल्यूमचा पॉट बघ. सिंगल कॉइलला २५० किलोओहमचा लावतात, हंबकरला ५०० चा, तो वरचे सूर खाली पडू देत नाही. दुसरे दोन पिकअप मग किंचित उजळ होतील, तेवढं सहन कर.

जुना पिकअप टाकू नकोस, कागदात गुंडाळून तारीख घालून ठेव. सगळं करण्याआधी आणि केल्यावर, त्याच खोलीत, त्याच अँपवर, तेच बारा बार वाजवून मला दोन्ही पाठव. दिवाळीत येशील तेव्हा गिटार घेऊन ये. गल्लीत नेऊ, तंबोऱ्याची घोडी घासताना तुला एकदा शेजारी बसवायचंय.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा