🌱 जुन्या कुरणात नवं गवत : बी कसं टाकायचं, अवजार कोणतं?



धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरउतारावर, तसंच पडीक रानात कुसळी माजते. फुलोऱ्यानंतर जनावर तिला तोंड लावत नाही, कुसळं शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात रुततात. तिथे अंजन, मारवेल आणि स्टायलो वाढवता येतं. पूर्ण नांगरट नको, उतारावरची माती वाहून जाईल.

*पावसाआधी*
▪️ जुनं गवत जमिनीलगत कापा किंवा चारून घ्या. पेटवू नका.
▪️ अंजनाचं बी मागच्या हंगामातलं घ्या, ताजं बी नीट उगवत नाही. १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवा. १०-१२ दिवसांत ३० पेक्षा कमी उगवले तर बी बदला.
▪️ स्टायलोचं बी कठीण असतं. तीन तांबे उकळतं पाणी आणि एक तांब्या साधं पाणी मिसळा. फडक्यात बांधलेलं बी त्यात ४ मिनिटं बुडवा, मग गार पाण्यात काढून सावलीत सुकवा.

*जमीन पाहून पद्धत निवडा*
१) *चढ, दगडगोटे :* कुदळीनं उताराला आडव्या, हात-दीड हात अंतरावर रेघा ओढा. बी टाकून पायानं दाबा.
२) *सपाट रान :* चांगला पाऊस झाल्यावर बैलाचा वखर हलका फिरवा, बी फोका आणि वरून काटेरी फांदी ओढा.
३) *ट्रॅक्टरचं पेरणी यंत्र :* अंजनाचं बी हलकं, केसाळ असतं. नळीत अडकतं आणि खोल पडलं तर उगवत नाही. म्हणून हातानं पेरलेलं बरं.
४) *बांध :* मारवेलचे मुळासकट ठोंब दीड-दोन फुटांवर लावा.

*लक्षात ठेवा*
✅ बी अर्धा ते एक सें.मी. खोल, त्याहून जास्त नाही.
✅ एकटं पेरल्यास एकरी सुमारे २ किलो. मिश्रणात दोन्ही निम्मं-निम्मं.
✅ हलकं बी वाऱ्यानं उडू नये म्हणून ओलसर बारीक मातीत मिसळा.
❌ पेरताना युरिया नको. जुनं गवत तो खाऊन नव्या रोपांना दाबतं.

खरी परीक्षा पेरणीनंतर आहे. पहिल्या वर्षी जनावर सोडलं तर कोवळं रोप मुळासकट उपटतं आणि बियाचा पैसा जातो. म्हणून यंदा चराईबंद ठेवा, चारा कापूनच घाला. सामूहिक वनहक्काची जमीन असेल तर आधी ग्रामसभेत ठरवा, राखण कोण करणार तेही ठरवा.

पहिल्यांदा दहा गुंठ्यांवर करून बघा. जमलं तर पुढच्या वर्षी वाढवा.