‘सगळं त्यातच आलं’ असं कुणी म्हणालं की

पैसे परत मिळालेले नाहीत आणि मिळणारही नाहीत, हे आधीच सांगून टाकते. शेवट गोड होईल या आशेवर कुणी वाचत बसू नये. ज्यांचं माल्टाला जायचं घाटत असेल त्यांच्यासाठी हे लिहितेय. थोडं माझ्यासाठीही, कारण घरात विषय काढला की आमचे हे लगेच "सोड ना आता" म्हणतात. नाही सोडायचं मला.

स्लीमा गावात समुद्रालगतच्या रस्त्यावर बोटींच्या तिकिटांच्या टपऱ्या ओळीने आहेत. सगळ्यांवर फलक साधारण एकच: कोमिनो बेट, ब्ल्यू लगून, गुहा, पोहणं, दुपारचं जेवण, सगळं त्यातच. फोटोतल्या निळ्याशार पाण्यात एक पोरगी सोडली तर चिटपाखरू नाही. आम्ही गेलो ऑगस्टात. हा फोटो ऑगस्टातला नव्हे एवढं मलाही कळत होतं. पण जे कळत नव्हतं ते मी विचारलं, आणि नीट विचारलं. माझी नणंद बरोबर होती. वन्सं एरवीही मांसमच्छीला शिवत नाहीत, त्यात श्रावण. त्यांना जेवायला काय मिळेल? बेटावर उतरता येईल ना? आणि ज्यांना पोहता येत नाही त्यांची सोय काय? तिन्ही प्रश्नांना टपरीवाल्याचं उत्तर एकच, "नो प्रॉब्लेम." वर हसून म्हणाला, इंडियन फॅमिली खूप येतात आमच्याकडे, ऑल हॅपी. रोख दिलेत तर माणशी पाच युरो कमी करतो, असंही म्हणाला. ह्यांनी लगेच पाकीट काढलं. पावती म्हणून मिळाला बोटभर कागद, त्यावर पेनाने वेळ आणि ‘४’ हा आकडा.

त्या कागदावर बोटीच्या कंपनीचं नाव नव्हतं, हे माझ्या मुलाने रात्री दाखवलं. तो जर्मनीहून आम्हाला भेटायला आला होता. म्हटलं असेल तिकडची पद्धत.

बोट दुमजली, मागे घसरगुंडी, आणि दहा वाजल्यापासून धाड धाड गाणी. वरच्या मजल्यावर सावलीतल्या खुर्च्यांवर आधीच टॉवेल टाकून ठेवलेले. एस.टी.त रुमाल टाकणाऱ्या आपल्या लोकांना उगाच नावं ठेवतात. वाटेत सेंट पॉलचं छोटं बेट लागतं, त्यावर त्याचा पुतळा आहे. त्याचं जहाज इथेच फुटलं असं मानतात. परतीच्या वेळी त्या पुतळ्याकडे मी जास्त सहानुभूतीने पाहिलं.

आता मुख्य गोष्ट. कोमिनो हे जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचं बेट, माल्टा आणि गोझो यांच्या मधोमध. वस्ती जवळजवळ नाही. एक जुना बुरूज आहे, १६१८ सालचा, सेंट जॉनच्या सरदारांनी बांधलेला. ब्ल्यू लगून म्हणजे हे बेट आणि शेजारचा कोमिनोत्तो हा खडक यांमधली उथळ पट्टी. तळाशी पांढरी वाळू, म्हणून पाणी तसं दिसतं. तिथे इतकी गर्दी व्हायला लागली की २०२५ च्या उन्हाळ्यापासून सरकारने वेळा ठरवून दिल्या. एका वेळी ४,००० माणसं, त्याहून जास्त नाहीत. आधी ऑनलाइन नोंदणी करायची, ती फुकट असते, मोबाइलवर क्यूआर कोड येतो, तो दाखवला की पट्टा मिळतो. पट्टा असेल तर किनारा तुमचा.

हे सगळं मला कळलं ते धक्क्यावर उतरल्यानंतर. समोर एक मुलगी स्कॅनर घेऊन उभी. "क्यूआर?" कसला क्यूआर? तिचा काही दोष नाही, ती नम्रपणे सांगत होती. मुलाने तिथेच मोबाइल काढला. सकाळची वेळ भरलेली. पुढची वेळ दीडची, आणि आमची बोट तिथून पावणेदोनला सुटणार. आमच्यासारखे बरेच जण तसेच उभे होते, डोक्यावर ऊन आणि सावलीला एक झाड नाही. पण बोटीतले निम्मे लोक मात्र खुशाल मोबाइल दाखवत आत चालले होते. त्यांतल्या एका बाईला मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? ती म्हणाली, आम्ही कंपनीच्या साइटवरून तिकीट काढलं, ईमेलमध्ये लिंक आली होती. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो तिथे. आमचं तिकीट बोटीने विकलेलंच नव्हतं. टपरीवाला तिकीट विकतो, बोटवाला बोट चालवतो, किनारा तिसऱ्याच्या ताब्यात, आणि ‘नो प्रॉब्लेम’ म्हणायला जो होता तो स्लीमात पंख्याखाली बसलेला. बोटीवरच्या माणसाला जाब विचारला तर तो म्हणतो, "नियम सरकारचा आहे, सगळ्यांना माहीत आहे." सगळ्यांना म्हणजे कुणाला हो? मालाडला बसून मला कसं माहीत असणार?

म्हणून माझा पहिला आणि खरा सल्ला: तिकीट बोट चालवणाऱ्याकडूनच घ्या, त्याच्या साइटवर, कार्डाने. टपरीवरूनच घ्यायचं असेल तर पावतीवर बोटीचं आणि कंपनीचं नाव लिहून मागा. लिहायला का-कू करणारा असेल तर पुढच्या टपरीवर जा, ओळ मोठी आहे. आणि लगूनची नोंदणी आदल्या दिवशी स्वतः करा. बोटवाला "आम्ही करतो" म्हणाला तरी कोड आपल्या मोबाइलमध्ये दिसल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

आम्ही परत बोटीवर. जेवणाची रांग लागली होती. मोठ्या भांड्यात थंड पास्ता, त्यात टूना. बाजूला कोंबडी, हॅमचे पाव, आणि लेट्यूस-टोमॅटो. मी वाढणाऱ्या पोराला म्हटलं, शाकाहारी जेवण सांगितलंय, चौघांतलं एक. त्याने यादी पाहिली. यादीत काही नव्हतं. मग त्याने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. प्लेटमध्ये पास्ता घेतला, चमच्याने टूनाचे तुकडे एकेक करून कडेला सारले, पास्त्याच्या नळीत अडकलेला एक तुकडा काट्याने उकरून काढला, आणि ती प्लेट वन्संपुढे धरली. "व्हेजिटेरियन," म्हणाला. वन्संनी प्लेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाल्या, "त्याला सांग गं, मला आज उपास आहे." त्यांना त्या पोराला लाज आणायची नव्हती. मला मात्र आणायची होती.

तो पोरगा निघाला केरळचा. माझी बडबड ऐकून हिंदीत म्हणाला, "आंटी, ये तो रोज का है. वो लोग उधर कुछ भी बोलते हैं." मग आतून दोन केळी आणि त्याच्या स्वतःच्या डब्यातला भात घेऊन आला. भात वन्संनी नाकारला, केळी घेतली. त्या पोराबद्दल माझी काही तक्रार नाही.

शाकाहारी माणसाने युरोपात बोटीवर जाताना ‘व्हेजिटेरियन’ एवढंच सांगून भागत नाही. मासे नको, कोंबडी नको, अंडं नको, असं एकेक नाव घेऊन लिहून कळवा. टूना म्हणजे भाजीच, अशी समजूत असलेले लोक भेटतात. आणि डबा बरोबर ठेवा. आमच्या पिशवीत राजगिऱ्याचे लाडू आणि दाणे होते म्हणून वन्संचं निभावलं. माल्टात पास्तित्सी नावाचा प्रकार मिळतो, मटार भरलेला, आपल्या करंजीची बहीणच म्हणा. पण त्याच्या पारीत पूर्वापार डुकराची चरबी घालत आलेत, तेव्हा दुकानात विचारून घ्या. पाणी भरपूर न्या. टोपी, सनस्क्रीन वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

दुपारी वारा वाढला. वायव्येचा वारा, तिकडे त्याला मज्जिस्त्राल म्हणतात. कप्तानाने बोट बेटाच्या आडोशाला नेली आणि पोहायला तिथेच सोडलं. गुहा रद्द. यात कप्तानाचं काही चुकलं नाही, उलट बरोबरच केलं. मी अलिबागची, मांडव्याच्या लाँचने ये-जा करतच लहानाची मोठी झाले, दर्या मला कुणी शिकवायला नको. माझा राग वेगळा आहे. वारा येणार हे सकाळच्या अंदाजात होतं, मुलाने नंतर काढून दाखवलं. आमच्याकडे पावसाळ्यात लाँच बंद म्हणजे बंद, कुणी तिकीट फाडत नाही. इथे सकाळी गुहा विकल्या आणि दुपारी हवामानाकडे बोट दाखवलं.

कोकणातल्या माणसाला भरती-ओहोटी बघायची सवय असते. भूमध्य समुद्रात, निदान माल्टाला, भरती जेमतेम वीतभर. तिथे बघायचा तो वारा: किती आणि कुठून. वायव्येचा जोर असेल तर ब्ल्यू लगूनचा बेत दुसऱ्या दिवसावर टाका. तिकीट घेताना थेट विचारा, "वारा फिरला तर कुठे नेणार, आणि काय रद्द झालं तर किती परत देणार?" उत्तर ‘नो प्रॉब्लेम’ असेल तर समजून जा.

पोहण्याचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे पैशांचा प्रश्न नाही. आडोशाला बोट थांबते तिथे खोल पाणी असतं, पाय टेकत नाहीत. भूमध्य समुद्राचं पाणी आपल्या समुद्रापेक्षा खारट, त्यामुळे अंग सहज तरंगतं आणि माणसाला वाटतं आपल्याला येतंय. ह्यांचं पोहणं पुण्यातल्या तरणतलावातलं. दोन हात मारले आणि लाटेने बोटीपासून लांब गेले, मग शिडीशी येईपर्यंत दम लागला. शिडी शेवाळलेली, खालची पायरी पाण्याच्या वरच, हातांनी स्वतःला उचलावं लागतं. साठीच्या माणसाने उडी मारण्याआधी ती शिडी बघून घ्यावी. लाइफ जॅकेट मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आम्हाला आधी फोमची नळी दाखवली, ती भाड्याने. जॅकेट मागा, लाजू नका, ते बोटीवर ठेवलेलंच असतं.

शेजारच्या एका मुलाच्या दंडाला जेलीफिशचा डंख बसला. बोटीवरचा माणूस बाटलीतलं पिण्याचं पाणी ओतायला धावला, माझ्या मुलाने त्याला अडवलं. गोडं पाणी घालायचं नाही, त्याने आग वाढते. समुद्राच्या पाण्यानेच धुवायचं, चोळायचं नाही, चिकटलेले धागे प्लॅस्टिकच्या कार्डाच्या कडेने काढायचे. माल्टाला जांभळट छोटी जेलीफिश जास्त आढळते. तिच्यासाठी खायचा सोडा आणि समुद्राचं पाणी समसमान घेऊन लेप लावतात, नंतर बर्फाने शेकतात. व्हिनेगर तिला चालत नाही. सोड्याची पुडी आता माझ्या प्रवासाच्या पिशवीत कायम असते. श्वासाला त्रास झाला किंवा सूज पसरली तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, ११२ ला फोन करा.

दुसऱ्या दिवशी मी टपरीवर गेले. तो ओळखच दाखवेना. मग म्हणाला, मी फक्त तिकीट विकतो, बोटीवाल्यांशी बोला. बोटीवाले म्हणाले, आमच्या नोंदीत तुमचं नाव नाही, टपरीवाल्याशी बोला. अर्ध्या तासाने टपरीवाल्याने एक कूपन दिलं, पुढच्या फेरीला दहा टक्के सूट. पुढच्या फेरीला! मी ते त्याच्यासमोर ठेवून आले. हे म्हणतात, जरा जास्तच बोललीस. मला नाही तसं वाटत.

तिथली ग्राहक-तक्रार बघणारी सरकारी यंत्रणा आहे. शिवाय युरोपातल्या दुसऱ्या देशात राहणाऱ्या ग्राहकाला युरोपियन ग्राहक केंद्राची मदत फुकट मिळते. तिकीट मुलाच्या नावावर, कार्डाने घेतलं असतं तर त्याने जर्मनीतून तक्रार केली असती आणि बँकेकडूनही पैसे मागता आले असते. म्हणून आपल्यातलं कुणी युरोपात राहत असेल तर पैसे त्यांनाच भरू द्या, नंतर हिशेब करा. पाच युरोच्या सवलतीचा मोह धरू नका, हे मी ह्यांच्यादेखत लिहितेय. आणि ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत परत करता येते हा तिथला नियम तारखेच्या सहलीला लागू नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

कोमिनो मनात असेलच तर स्लीमाहून दिवसभराची बोट कशाला? २२२ नंबरची बस चिर्केव्वाला जाते, तिथून छोट्या बोटी थेट बेटावर नेतात. भल्या सकाळी जा, डबा आपला, परत यायची वेळ आपली. तेही नको असेल तर तिथूनच गोझोची फेरी धरा, पंचवीसेक मिनिटांत इम्जार बंदर, पुढे टॅक्सीने होन्दोक इर-रुम्मीन. समोर कोमिनो दिसतं आणि पाण्यात हळूहळू उतरता येतं. आम्ही नंतर तिथेच गेलो, वन्संही गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, आणि लाडू खाल्ले. या फेरीचं आणखी एक आहे. पायी प्रवाशाकडून गोझोला जाताना तिकीट घेतच नाहीत, परतताना ४.६५ युरो घेतात. आधी नेऊन पोचवतात, मग पैसे. स्लीमातल्या टपरीवाल्याला कुणी भेटलंच तर एवढं सांगा.