एकत्र काम करताना तंत्रज्ञान कशी मदत करते?



आज वर्गाचा ग्रुप आहे, बचत गटाचा आहे, भावकीचा आहे. सकाळी सुप्रभात, दुपारी दोन निरोप, संध्याकाळी कुणाचा तरी वाढदिवस. निरोप पोचतो हे खरं. पण निरोप पोचणे आणि मिळून काम होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तंत्रज्ञान एकत्र काम करायला नेमकी कशी मदत करते, ते आज उदाहरणांसह समजून घेऊ. शेवटी वर्गात घेता येईल असा एक उपक्रमही दिला आहे.

सहकार्य म्हणजे काय?

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. शेतीत सावड असते. दोन शेतकरी बैल आणि माणसं एकमेकांना देतात. आज तुझ्या शेतात, उद्या माझ्या. इर्जिक असते. एकाचं अडलेलं काम उरकायला शेजारीपाजारी औतं घेऊन येतात आणि ज्याचं शेत, तो जेवण घालतो. नीट पाहिलं तर यात चार गोष्टी दिसतात.

1. काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतं.
2. ते वाटून घेतलेलं असतं.
3. कोणी काय केलं हे कळतं.
4. राहिलं-चुकलं तर बोलून दुरुस्त करता येतं.

कोणतंही ॲप किंवा वेबसाइट सहकार्याला उपयोगी आहे का, हे याच चार प्रश्नांवर तपासून पाहावे.

उदाहरण पहिले : नेपाळचा नकाशा

25 एप्रिल 2015 रोजी नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला. डोंगरातल्या अनेक गावांच्या वाटा आणि घरं नकाशावर नव्हती. मदत पाठवायची तर रस्ता कोणता, वस्ती कुठे, हे आधी कळायला हवं. अशा वेळी ओपनस्ट्रीटमॅप हा सर्वांसाठी खुला असलेला नकाशा कामी आला. 2004 मध्ये सुरू झालेला हा नकाशा लोकच तयार करतात.

जगभरातले हजारो स्वयंसेवक आपापल्या घरी संगणकासमोर बसले. उपग्रहाची छायाचित्रं पाहून त्यांनी रस्ते आणि घरं रेखाटली. एवढ्या लोकांचा गोंधळ कसा झाला नाही? कारण सगळा प्रदेश छोट्या छोट्या चौकोनांत विभागला होता. एकाने एक चौकोन उचलला की तो दुसऱ्यासाठी बंद. काम झालं की त्या चौकोनाचा रंग बदलायचा. मग दुसरा जाणकार माणूस तो तपासायचा. ही इर्जिकच झाली, फक्त शेत हजारो किलोमीटर लांब होतं!

एक गोष्ट मात्र लक्षात घ्या. वरून घर दिसतं, पण गावाचं नाव दिसत नाही. शाळा कोणती, दवाखाना कोणता, हे तिथलाच माणूस सांगू शकतो. काठमांडू लिव्हिंग लॅब्स या तिथल्या संस्थेने भूकंपाच्या आधीपासूनच असं काम सुरू केलं होतं, म्हणून ऐनवेळी ते उपयोगी पडलं.

उदाहरण दुसरे : विकिपीडिया

विकिपीडिया 15 जानेवारी 2001 रोजी सुरू झाला आणि मराठी विकिपीडिया 1 मे 2003 रोजी. मुलं प्रकल्पासाठी त्यातून उतारे उतरवून घेतात. पण तो लिहिला कसा जातो, हे त्यांना क्वचितच कुणी दाखवतं. प्रत्येक लेखाला एक ‘इतिहास’ असतो. कोणता बदल कधी झाला आणि कोणत्या खात्यावरून झाला, हे तिथे दिसतं. चुकीचा बदल मागे घेता येतो. ‘चर्चा’ नावाचं वेगळं पानही असतं. मतभेद झाला तर तिथे कारण द्यायचं, पुरावा द्यायचा. एकदा मुलांना ही दोन पानं उघडून दाखवाच. ‘छापलंय म्हणजे खरंच असणार’ हा समज तिथे आपोआप सैल होतो.

कामाच्या ठिकाणी

विद्यार्थ्यांची यादी ग्रुपवर येते. मग ‘अंतिम यादी’, ‘अंतिम यादी 2’, ‘नवीन अंतिम’. खरी कोणती? त्याऐवजी एकच सामायिक तक्ता ठेवला आणि प्रत्येकाने आपापल्या वर्गाची माहिती त्यातच भरली, तर प्रत एकच राहते आणि कुणाचं राहिलंय तेही दिसतं. स्नेहसंमेलनाची कामं, ग्रंथालयातली पुस्तकं, सहलीची तयारी, सगळीकडे हे चालतं. मात्र तक्ता कोण तपासणार आणि कधीपर्यंत भरायचा, हे माणसांनीच ठरवावं लागतं. ते काम ॲप करत नाही.

सामाजिक जीवनात : कोण बाहेर राहतं?

हा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अनेक घरांत फोन एकच असतो आणि तो वडिलांबरोबर कामावर जातो. आईला निरोप रात्री कळतो, कधी कळतच नाही. दुसऱ्या दिवशी मूल दाखल्याशिवाय किंवा साहित्याशिवाय वर्गात येतं आणि बोलणी त्यालाच बसतात.

शिक्षण हक्क कायदा 2009 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि समितीत निम्म्या महिला. पण चर्चा फक्त ग्रुपवरच झाली, तर ज्यांच्या हातात फोन नाही त्या माता सदस्य असूनही बाहेरच राहतात. म्हणून महत्त्वाचा निरोप तीन ठिकाणी द्यावा : ग्रुपवर, मुलाच्या वहीत आणि शाळेच्या फळ्यावर. निर्णय मात्र बैठकीतच घ्यावा.

वर्गासाठी उपक्रम : आपल्या वस्तीचा नकाशा

इयत्ता 3 री ते 5 वी. साहित्य : मोठा कागद, पेन्सिल, रंग.

• कागदावर शाळा आणि मुख्य रस्ता दाखवून त्याचे सहा चौकोन करा.
• प्रत्येक गटाला एक चौकोन द्या. मोठ्या माणसांसोबत फिरून विहीर, मंदिर, दुकान, हातपंप, मोठी झाडं नोंदवायची.
• गटांनी चौकोन बदलून एकमेकांचं काम तपासायचं.
• मतभेद असेल तिथे प्रश्नचिन्ह करायचं आणि आजी-आजोबांना विचारून यायचं.
• कोणी काय केलं, हे कागदामागे लिहायचं.

हे सगळं फोनशिवाय होतं. नंतर शिक्षकांनी ओपनस्ट्रीटमॅप उघडून आपलं गाव दाखवावं आणि काय राहिलंय ते मुलांनाच शोधू द्यावं. मुलांची नावं, कोण कुठे राहतं, फोन नंबर हे खुल्या नकाशावर कधीही टाकू नये.

थोडक्यात

तंत्रज्ञान अंतर कमी करतं, काम सर्वांना दाखवतं आणि नोंद ठेवतं. काम वाटून घेणे, दुसऱ्याचं तपासणे, आपलं चुकलं तर मान्य करणे आणि मागे राहिलेल्याला सोबत घेणे, हे मुलांना आपणच शिकवायचं आहे. उपक्रम घेऊन पाहा आणि तुमच्या वर्गात त्यात काय बदल करावे लागले, ते जरूर कळवा.