कोंबडीला किती जागा हवी?

पुरानी बस्ती हा रायपूर शहराच्या जुन्या भागांपैकी एक होय. महामायेचे मंदिर याच वस्तीत आहे, आणि दूधाधारी मठही तेथून फार दूर नाही. केवळ दुधावर निर्वाह करणाऱ्या महंतांवरून ज्या मठास नाव पडले, त्याच्या शेजारी अंड्यांची चर्चा करावी हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. परंतु दिवेलागणीच्या सुमारास जुन्या शहरात उकडलेल्या अंड्यांच्या आणि ऑम्लेटच्या हातगाड्या लागतात, हीही वस्तुस्थिती आहे. गाडीवर तीस-तीस अंड्यांचे ट्रे रचलेले असतात. ज्या कोंबडीने ती अंडी दिली ती मात्र गिऱ्हाइकाच्या दृष्टीस कधीच पडत नाही. २०१९ साली छत्तीसगडात शाळांच्या मध्यान्ह भोजनात अंडे द्यावे की न द्यावे, यावर मोठा वाद झाला. एका बाजूस मुलांचे पोषण होते, दुसऱ्या बाजूस कबीरपंथीयांसारख्या शाकाहारी समाजांची श्रद्धा होती. अंडे देणाऱ्या पक्ष्याचा विचार त्या वादात फारसा आला नाही.

आजच्या मोठ्या अंडी-केंद्रांत कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यांत ठेवतात. पिंजऱ्यांच्या रांगा एकीवर एक रचलेल्या असतात. तळाची जाळी किंचित उतरती असल्याने अंडे आपोआप घरंगळत पुढल्या पन्हळीत येते आणि विष्ठा खाली पडते. अंडे स्वच्छ राहते, कोंबडीचा विष्ठेशी संबंध तुटल्याने आतड्यांचे काही रोग आटोक्यात राहतात, आणि थोड्या माणसांस हजारो पक्षी सांभाळता येतात. हे लाभ खरे आहेत. ते नाकारून पुढील प्रश्न समजणार नाही.

प्रश्न जागेचा आहे. आपल्या कचेऱ्यांत वापरला जाणारा ए-फोर आकाराचा कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटर भरतो. भारत सरकारने २०१९ साली अंडी देणाऱ्या कोंबड्यांविषयी नियमांचा जो मसुदा काढला, त्यात एका पक्ष्यामागे किमान ५५० चौरस सेंटिमीटर जागा धरली होती, म्हणजे त्या कागदाहूनही कमी. आता याच्याशेजारी दुसरे काही आकडे ठेवून पाहावेत. मॅरियन डॉकिन्स आणि सिल्व्हिया हार्डी या इंग्लंडमधील संशोधिकांनी १९८९ साली कोंबड्यांची वरून छायाचित्रे घेऊन, प्रत्येक हालचालीस त्या किती जागा व्यापतात हे मोजले. नुसते उभे राहण्यास सरासरी ४७५ चौरस सेंटिमीटर लागले. पंख ताणण्यास ८९३, वळण्यास १२७२ आणि पंख फडफडविण्यास १८७६. पिंजऱ्यातील कोंबडी उभी राहू शकते. वळावयाचे झाल्यास तिला शेजारणीस रेटावे लागते. पंख फडफडविणे हे तर तिच्या आयुष्यातून वजाच होते.

पंख न फडफडविता आले तर कोंबडीचे काय बिघडले, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर हाडांत सापडते. रानकोंबडी वर्षाकाठी जेमतेम दहा-पंधरा अंडी घालते. निवडीने घडविलेली आजची संकरित कोंबडी तीनशेच्या आसपास घालते. प्रत्येक कवचास सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम लागते. ते खाद्यातून पुरे पडले नाही तर शरीर हाडांतून काढून घेते. त्यातच व्यायाम नसला म्हणजे हाडे ठिसूळ होतात, आणि पिंजऱ्यातून बाहेर काढताना माणसाच्या हातातच ती मोडतात.

यापेक्षा सूक्ष्म गोष्ट स्वभावाची आहे. अंडे घालण्यापूर्वी कोंबडी आडोसा शोधते. गावाकडील ज्याने खुराडे पाळले आहे त्यास हे सांगावयास नको. लाकडांच्या ढिगामागे, कणगीच्या सांदीत तिने लपवून घातलेली अंडी हुडकणे हा घरातील मुलांचा उद्योगच असतो. पिंजऱ्यात आडोसा नसतो. तेव्हा ती कोंबडी अंड्यापूर्वी येरझारा घालीत राहते. तीच गोष्ट धूळस्नानाची. माती नसली तरी ती तारेवर बसून अंगावर धूळ उडविल्याचे हावभाव करते. सवय पक्ष्याच्या अंगात आहे, साहित्य मात्र नाही.

तथापि पक्ष्यास काय हवे हे माणसाने परस्पर ठरविणे धोक्याचे असते. ब्रिटनमध्ये रूथ हॅरिसन यांच्या १९६४ सालच्या पुस्तकाने खळबळ उडाली आणि सरकारने ब्रॅम्बेल समिती नेमली. समितीच्या १९६५ च्या अहवालात पिंजऱ्याच्या तळास बारीक षट्कोनी जाळी नको, जाड तार हवी, अशी शिफारस होती. कारण बारीक जाळी पायांना टोचत असेल असे विद्वानांस वाटले. पुढे १९७३ साली ह्यूझ आणि ब्लॅक यांनी दोन्ही जाळ्या कोंबड्यांपुढे ठेवल्या, तेव्हा कोंबड्यांनी पसंत केली ती बारीक जाळी! डॉकिन्स यांच्या प्रयोगांत कोंबड्यांनी पिंजऱ्यापेक्षा मोकळे अंगण निवडले खरे, परंतु पिंजऱ्यात वाढलेल्या काही कोंबड्या प्रथम पिंजऱ्याकडेच वळल्या. परिचयाची ओढ कोंबडीसही असते, एवढाच त्याचा अर्थ.

या साऱ्या संशोधनास बाजारात वजन आले ते बऱ्याच अंशी मोठ्या खरेदीदारांमुळे. युरोपीय संघाने १९९९ साली निर्देश काढून १ जानेवारी २०१२ पासून जुने उघडेबोडके पिंजरे बंद केले. तो कायद्याचा मार्ग. अमेरिकेत उपाहारगृहांच्या साखळ्यांनीही वेग दिला. मॅकडोनाल्ड्सने सप्टेंबर २०१५ मध्ये जाहीर केले की अमेरिका व कॅनडा येथील आपली अंडी दहा वर्षांत पिंजरामुक्त होतील. त्या वेळी एकट्या अमेरिकेत ही कंपनी वर्षाला सुमारे २०० कोटी अंडी घेत असे. इतका मोठा ग्राहक अनेक वर्षांच्या खरेदीची हमी देतो, तेव्हा उत्पादकास नवी शेड बांधण्यासाठी कर्ज काढण्याचे धैर्य होते. अमेरिकेतील काम मुदतीच्या आधीच पुरे झाल्याचे कंपनीने २०२४ च्या आरंभी सांगितले.

आपल्याकडे ही किल्ली तशीच्या तशी चालेल असे दिसत नाही. हातगाडीवाला कोणाशी दहा वर्षांचा करार करणार? त्याचा व्यवहार रोजच्या भावावर चालतो. भावाच्या या प्रश्नाचा इतिहास पुण्याशी जोडलेला आहे. व्यापारी ठरवील त्या दरात अंडी विकून उत्पादक डबघाईस येत होते, तेव्हा डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि दर सांगण्याचा अधिकार शेतकऱ्यांच्या हाती आला. पिंजरा-पद्धतीने अंडे स्वस्त ठेवले हेही मान्य केले पाहिजे. २०२२–२३ मध्ये देशात १३,८३८ कोटी अंडी निघाली, माणशी १०१. राष्ट्रीय पोषण संस्थेने सुचविलेले प्रमाण १८० आहे. अंडे महागले तर ज्याच्या ताटातून ते प्रथम जाईल, तो मनुष्य उपाहारगृहात बसलेला नसतो.

कायदा मात्र जुनाच आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या ११ व्या कलमात, हालचालीस वाजवी वाव न देणाऱ्या पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हा गुन्हा ठरविला आहे. विधी आयोगाने जुलै २०१७ मध्ये आपल्या २६९ व्या अहवालात याच विषयावर नियमांचा मसुदा दिला.

पिंजरा काढला की सर्व सुरळीत होईल, असेही नव्हे. गादी पद्धतीत जमिनीवर भाताच्या तुसाचा थर पसरतात. रायपूरच्या भातप्रदेशात तूस विपुल आहे. कोंबड्या उकरतात, धुळीत लोळतात, रात्री दांड्यावर बसतात. परंतु गादी ओली राहिली तर अमोनियाच्या वायूने डोळे चुरचुरतात, कोंबड्या परस्परांची पिसे उपटतात, उंच दांड्यावरून उतरताना छातीचे हाड मोडते. मोकळ्या फिरणाऱ्या पक्ष्यांस रानपाखरांकडून रोग लागण्याचे भयही असते. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूने काय हाहाकार केला, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. म्हणून पिंजरामुक्त व्यवस्थेत माणसाचे लक्ष अधिक लागते, आणि अंड्याची किंमत वाढते ती पुष्कळशी या लक्षाची असते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. तांबूस कवचाचे अंडे म्हणजे गावरान व मोकळ्या कोंबडीचे, हा समज चुकीचा आहे. कवचाचा रंग जातीवर अवलंबून असतो. तांबूस अंडी देणारी कोंबडीही पिंजऱ्यात असू शकते.

२०१९ च्या पशुगणनेत देशातील ८५ कोटी कुक्कुटपक्ष्यांपैकी सुमारे ३१ कोटी ७० लाख पक्षी परसात वाढणारे आढळले. म्हणजे मोकळी कोंबडी पाहण्यासाठी शाळेतील मुलांना परदेशी जावे लागणार नाही. रायपूरच्या आसपासच्या कोणत्याही खेड्यात सकाळी एक तास बसावे. एकच कोंबडी निवडून ती किती वेळा उकरते, किती वेळा पंख ताणते, धुळीत केव्हा लोळते, याची नोंद करावी. मग तितक्याच वेळात ए-फोरच्या कागदावर दोन्ही पाय ठेवून उभे राहून पाहावे.