सूर्यप्रकाश, हाडांची बळकटी व त्वचेचें रक्षण

आपल्या देशांत ऊन मुबलक असतां येथील लेंकरांस मुडदूस कां व्हावा, व घरांत राहणाऱ्या स्त्रियांच्या कमरेचीं हाडें कां दुखावीं, असा प्रश्न कोणीही करील. त्याच्या उत्तराचा आरंभ एका मिशनरी डॉक्टरापासून होतो.

थिओबाल्ड पाम हे वैद्यकीय मिशनरी जपानांतील नीगाता येथें कांहीं वर्षें होते. तेथें मुडदूस झालेलें मूल त्यांच्या पाहण्यांत जवळजवळ आलें नाहीं. पुढें ते इंग्लंडांत वैद्यकी करूं लागले, तों वांकड्या पायांचीं मुलें जागोजाग दिसूं लागलीं. तेव्हां त्यांनीं निरनिराळ्या देशांतील मिशनऱ्यांकडून माहिती जमविली, आणि सूर्यप्रकाशाचा अभाव हेंच या रोगाचें मूळ, असें १८९० सालीं प्रसिद्ध केलें. त्या वेळीं त्यांचें फारसें कोणी ऐकलें नाहीं. १९१९ सालीं बर्लिन येथें डॉ. हुल्डशिन्स्की यांनीं दिव्याचे अतिनील किरण रोगी मुलांवर सोडले. एकाच हातावर किरण सोडले असतां दुसऱ्या हाताचींही हाडें सुधारलीं! म्हणजे त्वचेंत कांहीं पदार्थ उत्पन्न होऊन तो रक्तावाटे सर्वांगास पोंहचतो, हें उघड झालें. तो पदार्थ म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्व. यकृतांत व मूत्रपिंडांत त्याचें रूपांतर होतें, आणि मग अन्नांतील चुना आंतडीं शोषून घेतात. तें नसलें तर दूध व नाचणी खाऊनही हाडें मऊच राहतात.

आमच्या नाशिक शहराची साक्ष याहून जवळची आहे. डॉ. हचिसन व त्यांचे हिंदी सहकारी यांनीं तेथील रोग्यांची पाहणी करून १९२१ व १९२२ सालीं ती छापली. खाऊनपिऊन सुखी, परंतु दिवसभर आंत ठेविलेल्या मुलांत व स्त्रियांत हाडांचा रोग आढळला. उघड्यावर राबणाऱ्या गरिबांत, अन्न हलकें असूनही, तो क्वचितच होता. आमच्या मतें आज या रोगास आणखी एक कारण जोडलें गेलें आहे, तें गोऱ्या रंगाची हांव. मुलगी काळी पडेल म्हणून तिला उन्हांत जाऊं न देणें हा तिच्या हाडांवर अन्याय आहे.

आतां ऊन केव्हां घ्यावें? सकाळचें कोवळें ऊन अंगास सुखावह खरें, परंतु ज्या किरणांनीं हें जीवनसत्त्व तयार होतें ते किरण तेव्हां फारच थोडे असतात. घड्याळ नको, आपली सावली पाहावी. ती आपल्या उंचीपेक्षां आंखूड असेल तर किरण पुरेसे आहेत. आपल्याकडे मे महिन्यांत ही वेळ सकाळीं साडेनऊच्या सुमारास येते, डिसेंबरांत मात्र माध्यान्हीच्या आगेंमागें तासभरच. म्हणून उन्हाळ्यांत दुपारीं उन्हांत बसून उष्माघात ओढवून घेण्याचें कांहींच कारण नाहीं. तोंड, हात व पाय उघडे ठेवून थोडा वेळ बाहेर असावें. सांवळ्या त्वचेंतील रंग या किरणांस अडवितो, यास्तव गोऱ्या माणसापेक्षां आपल्याला अधिक वेळ लागतो. खिडकीच्या कांचेआड बसून मात्र उपयोग नाहीं. हे किरण कांचेंतून येत नाहींत.

जे किरण हाडांस तारतात तेच त्वचा भाजतात, हेंही विसरूं नये. शरीर आपल्या गरजेपुरतें बनवितें व अधिक उन्हानें अधिक लाभ होत नाहीं. त्वचेची हानि मात्र वाढत जाते. शेतांत दिवसभर खपणाऱ्या बंधुभगिनींस ऊन हवें तेवढें मिळतच आहे, त्यांनीं उलट फेटा, पदर व लांब बाह्यांचा सदरा वापरावा व भर दुपार झाडाखालीं काढावी. डोळ्यांतील मोतीबिंदूसही हेच किरण हातभार लावितात. जन्मतःच ज्यांच्या केसांस व कातडीस रंग नाहीं, त्यांस उन्हाचें भय सर्वांहून अधिक. अशा मुलांस शाळेंत सावलीची जागा मिळावी अशी व्यवस्था उपदेशकांनीं शिक्षकांशीं बोलून करावी.

तान्ह्या बाळांस प्रखर उन्हांत निजवूं नये. आईच्या दुधांत हें जीवनसत्त्व थोडें असतें, म्हणून पहिलें वर्षभर रोज ४०० एककें थेंबांतून द्यावींत असा बालवैद्यांचा सल्ला आहे. थेंब किती पाडावयाचे हें दवाखान्यांतून नीट विचारून घ्यावें, कारण उन्हानें या जीवनसत्त्वाची विषबाधा होत नसली तरी औषधानें होते.