तवशाचं धोंडस : आईच्या हातचा केक, आपल्या वजनकाट्यावर



केक म्हटलं की आपल्या मुलांच्या डोळ्यांपुढे बेकरीतला क्रीमचा गोळा येतो. पण तुम्ही-आम्ही लहानपणी जो केक खाल्ला, त्यात ना मैदा होता, ना अंडं, ना सोडा. गणपतीच्या आगेमागे मळ्यावरची तवशी पिकून पिवळी व्हायची, घरात दोरीला टांगली जायची, आणि एखाद्या संध्याकाळी आई चुलीवर टोप चढवायची. टोपाच्या झाकणावर करवंट्यांचे निखारे. घरभर गुळाचा आणि हळदीच्या पानाचा वास. आम्ही भावंडं तळाच्या खरपूस पापुद्र्यासाठी भांडायचो. हे धोंडस. गोव्यात याला तवसळी म्हणतात.

आमच्या गटाने दोन वर्षांपूर्वी धोंडस विकायला घेतलं. "आपल्याला तर येतंच की," असं म्हणून सुरुवात केली आणि तिथेच फसलो. घरी चार माणसांसाठी करणं वेगळं आणि चाळीस तुकड्यांची ऑर्डर वेगळी. पहिल्याच ऑर्डरला दोन किलोचा माल कडू झाला. चार तवशांपैकी एकच कडू निघालं होतं, पण किसून सगळं एकत्र केलेलं. गूळ, खोबरं, तूप सगळं गेलं, आणि ज्या ताईंकडे बारसं होतं त्यांना फोन करून सांगायची वेळ आली. त्या काही बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

म्हणून पहिला धडा हा. प्रत्येक तवसं चाखायचं. देठाकडचा भाग कापून टाका, मग देठाजवळची एक पातळ चकती आणि मधली एक चकती तोंडात घालून बघा. कडवटपणा बहुतेक देठाकडे जास्त असतो. टोक कापून चोळायचं, फेस काढायचा, ही आपली जुनी रीत आहे. करा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. जिभेला जरा जरी कडू लागलं तरी ते तवसं बाजूला. गुळाने कडूपणा झाकत नाही, आणि फार कडू तवसं पोटात गेलं तर उलट्या-जुलाब होऊ शकतात. एकेक तवसं वेगळ्या ताटात किसा, सगळी चाखून झाल्यावरच एकत्र करा.

दुसरा धडा मापाचा. माझ्या सासूबाई धोंडस अप्रतिम करतात, पण सगळं अंदाजाने. मी काटा घेऊन त्यांच्या शेजारी बसले. त्या मुठीने रवा टाकायला लागल्या की मी खाली वाडगा धरायचे. "मापून धोंडास करतत काय गो?" म्हणून रागावल्या सुद्धा. पण तीन वेळा वजन केलं आणि तिन्ही वेळा त्यांची मूठ जवळपास तेवढीच भरली! काटा त्यांच्या हातातच होता. आम्ही तो फक्त वहीत उतरवला. साधारण एक किलो धोंडसासाठी आमचं माप असं :

साल आणि बिया काढून किसलेलं तवसं 500 ग्रॅम (सुटलेल्या पाण्यासकट), तांदळाचा जाडसर रवा 250 ग्रॅम, चिरलेला गूळ 200 ग्रॅम, ओलं खोबरं 100 ग्रॅम, तूप 50 ग्रॅम, काजूचे तुकडे 30 ग्रॅम, पाच-सहा वेलच्या, चिमूटभर मीठ आणि हळदीची दोन पानं.

किसाचं पाणी पिळून टाकू नका. रवा त्याच पाण्यात शिजतो, वरून पाणी घालायचं नसतं. तवसं फारच कोरडं निघालं तर अर्धी वाटी नारळाचं दूध घाला.

निम्म्या तुपावर रवा मंद आचेवर भाजा. आठ-दहा मिनिटांत वास सुटतो, रंग किंचित बदलतो. लाल करू नका. जाड बुडाच्या टोपात तवशाचा कीस उकळा, गूळ घाला, तो विरघळला की खोबरं, मीठ, वेलची. मग एका हाताने रवा भुरभुरवत दुसऱ्या हाताने ढवळत राहा, नाहीतर गुठळ्या होतात. झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं वाफ द्या. मिश्रण सांज्यासारखं घट्ट होऊन कडेने सुटायला लागलं की उतरवा. दुसऱ्या भांड्याला तूप लावून तळाला हळदीचं पान अंथरा, ओल्या हाताने मिश्रण दाबून बसवा, वर काजू आणि उरलेलं तूप.

आता भाजणं. इथे आपल्या आयांचं खरं कसब होतं. चुलीवर करताना खाली थोडे निखारे आणि झाकणावर जास्त, कारण गूळ तळाला पटकन धरतो. नव्या मुली नेमकं उलटं करतात आणि खालून कोळसा, वरून कच्चं असं होतं. निखारे चिमट्यानेच उचला, पदर खोचून घ्या.

गॅसवर करायचं तर जुनी जाड कढई घ्या. तिच्यात दोन बोटं जाडीचा कोरड्या वाळूचा थर, त्यावर जाळीचं स्टँड. झाकून दहा मिनिटं तापवा, मग भांडं आत ठेवून मंद आचेवर पाऊण तास. यात वरची बाजू पांढरट राहते. शेवटची दहा मिनिटं दुसऱ्या शेगडीवर तापवलेला लोखंडी तवा भांड्यावर झाकणासारखा ठेवा, छान रंग येतो. हा शोध आमच्या गटातल्या सगळ्यात धाकट्या सुनेचा.

ज्या गटाकडे ओव्हन आहे त्यांनी तो आधी दहा मिनिटं 180 अंशावर तापवावा, वरची-खालची दोन्ही कांडी चालू ठेवावी आणि 40 मिनिटांनी बघावं. प्रत्येक ओव्हनची खोड वेगळी असते. पहिल्यांदा अर्ध्या मापाचं करून वेळ वहीत लिहा. झालं की नाही हे बघायला विणकामाची स्वच्छ सुई मध्यभागी टोचा. धोंडस ओलसरच असतं, त्यामुळे सुई अगदी कोरडी येणार नाही, पण तिला कच्चं पीठ चिकटता कामा नये.

आणि मग थांबायचं! गरम धोंडस कापलं की त्याचा शिरा होतो. तांदळाचा रवा थंड होतानाच आळतो. निदान चार तास, जमलं तर रात्रभर ठेवा आणि सकाळी कापा. ऑर्डर सकाळची असेल तर आदल्या संध्याकाळी भाजायचं, हे आम्ही आता बैठकीच्या वहीतच लिहून ठेवलंय. ओलं खोबरं असल्यामुळे हा टिकाऊ माल नाही. आम्ही दोन दिवसांच्या आत खायला सांगतो, आणि पाकिटावर नाव, घटक, वजन, तयार केल्याची आणि वापरायची शेवटची तारीख आणि आपला 14 अंकी अन्न नोंदणी क्रमांक टाकतो. घटकांत काजू स्पष्ट लिहा, काहींना ते बाधतात.

आता पैशांचं. आम्ही सुरुवातीला 50 ग्रॅमचा तुकडा 10 रुपयांना देत होतो. किलोत वीस तुकडे, म्हणजे 200 रुपये. आमच्या बाजारभावाने सामान असं पडलं : तवसं 32 (साल-बिया धरून पाऊण किलोवर लागतं), रवा 15, गूळ 12, खोबरं 20, तूप 35, काजू 27, वेलची 5. झाले 146. गॅस 15, पाकिटं 20. एकूण 181 रुपये. हातात उरले 19, आणि आम्ही त्याला नफा म्हणत होतो! दोघींची मिळून दीड तासाची मेहनत कुठे धरलीच नव्हती. तासाला 60 रुपये धरले तरी 90 होतात, म्हणजे खर्च 271 आणि तुकडा साडेतेरा रुपयांच्या वर. पदरचे पैसे घालून आम्ही गावाला गोड खायला घालत होतो.

आता तुकडा 18 रुपयांना देतो. भाव वाढवला तेव्हा गटात वाद झाला, दोघी म्हणाल्या कोणी घेणार नाही. थोडी गिऱ्हाइकं तुटली हेही खरं. पण एका वेळी चार किलो केलं की किसणं, भाजणं एकदाच होतं आणि किलोमागची मेहनत कमी पडते. वरचे आकडे आमच्या गावचे आहेत, तुमच्या बाजारात तूप-काजूचा भाव वेगळा असेल. तो घालून हिशेब नव्याने मांडा, मेहनतीची ओळ मात्र गाळू नका.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने घरातल्या एका मोठ्या बाईची मूठ काट्यावर मोजून आणा. धोंडसच हवं असं नाही, खांडवी चालेल, सांदण चालेल. पदार्थ, ग्रॅम आणि मिनिटं, तिन्ही वहीत लिहिलेलं हवं. आणि त्या बाईचं नाव वर लिहा, माप त्यांचं आहे.