पाठशाळेतला तांब्या

‘द्वेष’ हा शब्द ‘द्विष्’ धातूपासून होतो, आणि धातुपाठात त्याचा अर्थ अप्रीती असा दिला आहे. म्हणजे प्रीती आटली की द्वेषाला सुरुवात झालीच. हाणामारी फार पुढची गोष्ट. आपली मुले महाविद्यालयात जातात तेथे हेच पाहावे. वसतिगृहात पहिल्या आठवड्यातच प्रश्न येतो, “प्रवेश-परीक्षेत क्रमांक कितवा?” प्रश्न वरवर अभ्यासाचा, पण त्यातून जात काढली जाते. मग टोपणनाव पडते, जेवताना शेजारची जागा रिकामी राहते, मोबाईलवरच्या गटात थट्टा चालते. मारल्याचा वळ दिसतो, ह्याचा दिसत नाही.

2016 च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठातील रोहित वेमुला गेला, 2019 च्या मे महिन्यात मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. दोघांनीही स्वतःच जीव दिला. जातीवरून छळ झाल्याची तक्रार दोन्हीकडे पुढे आली. त्याच 2019 साली दोघांच्या आया सर्वोच्च न्यायालयात गेल्या. नियम नव्हते असे नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा 1999 चा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 साली संस्थांना समान संधी कक्ष काढण्यास व भेदभाव-विरोधी अधिकारी नेमण्यास सांगितले. पण पोराला त्या दारापर्यंत नेणारा कोणी हवा ना!

आम्ही पाठशाळेत असतानाची गोष्ट. पाणी वाढणाऱ्या नव्या मुलाची जात कळली, तेव्हा दोघांनी त्याच्यासमोर तांब्या उपडा केला. आम्ही हसलो नाही, पण बोललोही नाही. चार दिवसांनी तो निघून गेला. त्या चार दिवसांत आमचा हरिपाठ मात्र एकदाही चुकला नाही!

म्हणून कीर्तनानंतर एखादा विद्यार्थी विचारतो, “महाराज, करायचं काय?” तेव्हा आम्ही सांगतो, “बाबा, आधी त्याच्या शेजारी जाऊन बस. जेवायला बरोबर ने. शिवीला शिवी देऊ नको. काय बोलले, कोण बोलले, कधी, कोणासमोर, ते त्याच दिवशी वहीत लिही. मोबाईलवरचा मजकूर पुसू नको, जपून ठेव. त्याची तयारी असेल तर लेखी तक्रार द्या नि पोच घ्या. त्याला एकट्याला पाठवू नको. रॅगिंग असेल तर 1800-180-5522 हा देशभराचा मदतक्रमांक आहे. आणि तो जिवाचं काही वेडंवाकडं बोलला तर रात्रभर त्याच्याजवळ थांब, घरी नि वॉर्डनला लगेच कळव. गुपित म्हणून गप्प राहू नको.”

“दुर्लक्ष कर, अभ्यासाकडे बघ,” असे आईबाप सांगतात. हे औषध आम्हांला पटत नाही. दुखावलेल्याला त्यातून एवढेच कळते की घरीही बोलायची सोय नाही.

आणि थट्टा करणारा आपल्याच घरचा माळकरी निघाला तर? 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरास दहा दिवस उपाशी राहिले, ते विठ्ठलाच्या मंदिरात सर्वांना प्रवेश मिळावा म्हणून. त्यांना विरोध करणारे परके नव्हते. तेव्हा सुट्टीत मुलगा घरी आला की त्याच्या शेजारी कोण बसतो हे विचारावे, आणि तो कोणाशेजारी बसत नाही, तेही.